खूर कोणी आपटायचा

कोसल देशात सुबाहू राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व चितळाच्या योनीत जन्मून नदीकाठच्या रानात एका मोठ्या कळपाचा नायक झाला होता. त्या कळपाची जुनी रीत अशी, की धोक्याचा वास आला तर खूर आपटायचा तो नायकानेच. तो आपटेपर्यंत बाकीच्यांनी त्याच्याकडे बघत राहायचे, पळायचे नाही. ही रीत शिकाऱ्यांनाही पाठ होती. ते पहिला बाण नायकाला मारीत आणि उभ्या राहिलेल्या कळपातून हवे तितके टिपीत. बोधिसत्त्वाचा बाप असाच पडला होता, आणि त्याच्याकडे बघत उभी राहिलेली आईही.

म्हातारपण जाणवू लागले तेव्हा बोधिसत्त्वाने सगळ्यांना बोलावले. पृथुशृंग नावाचा तरणाबांड नर नायकपदासाठी केव्हाचा गुडघ्याला बाशिंग बांधून बसला होता. तो शिंगे बाभळीला घासून, चकचकीत करून आला.

बोधिसत्त्व म्हणाला, "आजपासून ज्याला वास येईल त्याने खूर आपटावा. कोणी आपटला हे बघत बसू नका, पळा."

"मग नायक कशाला हवा?" पृथुशृंग चिडून म्हणाला. "ही शबला तर पान हललं तरी घाबरते. सगळं रान आपल्याला हसेल."

"उगाच पळालो तर दमू. उभे राहिलो तर मरू."

शबला ही कळपातली सर्वांत भित्री हरिणी. तिने खरोखरच पुष्कळदा उगाच खूर आपटला. कळप धापा टाकीत परत येई आणि पृथुशृंग दिवसभर कुरकुरे. बोधिसत्त्व तिला कधी बोलला नाही. म्हातारे पाय ओढीत तोही सगळ्यांबरोबर पळे.

एका सकाळी पाणवठ्यावर बाण आला आणि बोधिसत्त्वाच्या छातीत घुसला. सवय जुनी, अर्ध्या कळपाने त्याच्याकडे मान वळवली. तेवढ्यात कडेला शबलेचा खूर वाजला, मग आणखी कोणाचा तरी. कळप उधळला, सर्वांत पुढे पृथुशृंग. शिकाऱ्याने दुसरा बाण लावला तोवर काठ मोकळा झाला होता. कोणी मागे उभे नाही एवढे पाहून बोधिसत्त्वाने डोळे मिटले.

टेकडीपलीकडे सगळे पृथुशृंगाभोवती जमले आणि त्याच्या तोंडाकडे बघू लागले. जन्मभर त्याने याच घटकेची वाट पाहिली होती. त्याला रडू आले.

"माझ्याकडे काय बघता?" तो म्हणाला. "वारा कुठून येतोय ते बघा."

'आपल्यामागे संघाचा मुख्य कोण?' असे विचारणाऱ्या धम्मसेन नावाच्या भिक्षूला ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "तेव्हाची शबला म्हणजे आज सभेत सर्वांआधी शंका काढणारी भिक्षुणी सुमेधा. पृथुशृंग म्हणजे, धम्मसेना, आता हा प्रश्न विचारणारा तूच. तो नायक मी होतो. हाती असलेला अधिकार जिवंतपणीच वाटून टाकणे, हीसुद्धा दानपारमिता होय."