नापास होण्याचं व्रत

“माय, एखाद्याने नापास व्हावं म्हणून कुठलं व्रत असतं का गं?”

सरूमायचे हात थांबले नाहीत. ती वाती वळत होती. उजव्या हाताच्या बोटाला हळदीची चिंधी बांधलेली, त्यामुळे पीळ बसत नव्हता, कापूस पुन्हा पुन्हा सुटत होता.

“बोटाला काय झालं?”

“ते मागून सांगीन. तू आधी सांग. कोणाले नापास करायचं आहे?”

सुमेधाने मान खाली घातली.

“ह्यांना.”

...

कन्हान नदीच्या काठावर, जरा उंचवट्याला, सरूमायचा मठ होता. मठ म्हणजे काय, दोन कौलारू खोल्या आणि आत दत्ताची तसबीर. सरूमायने कधी कोणाला अंगारा दिला नाही, कोणाचं भविष्य सांगितलं नाही. तरी माणसं येत, बसत, आणि आली त्यापेक्षा हलकी होऊन जात. मोतीबिंदू वाढला तशी ती माणसं आवाजावरून ओळखायला लागली होती. सुमेधाला तर बांगड्यांवरूनच.

सुमेधा टेंभेकर लग्नाआधीपासून इथे यायची. आज तिने सोबत नारळ आणला होता. असोला, शेंडीचा. तो पदराखाली असा धरून बसली होती, जणू कोणी हिसकावून घेईल.

“नवऱ्याले नापास कर म्हणते, आणि नारळ घेऊन येते. काहून वं?”

“माय, तुला कसं सांगू... ह्यांच्या कंपनीची जुनी विमानं गेली.”

तिचे यजमान मालाच्या विमानावर कॅप्टन. प्रवासी नाहीत, नुसती खोकी. औषधं, मोबाइल, फुलं, कधी कोंबडीची पिल्लं. इतकी वर्षं ते पंख्यांची लहान विमानं उडवत आले. संध्याकाळी जायचे, सकाळच्या चहाला घरी असायचे. आता कंपनीने ती विमानं विकून टाकली आणि मोठी आणली. समुद्र ओलांडून जाणारी. ती उडवायला माणसं कमी पडताहेत म्हणून बाहेरून भरती चालली होती, आणि घरच्या जुन्या माणसांना नव्या विमानाची परीक्षा द्यायची होती.

“पास झाले तर मोठ्या विमानावर जातील. नापास झाले तर खाली ऑफिसात बसवतील, कोणाची ड्युटी कधी ते ठरवायला. पगार कमी होईल. होऊ दे! जमिनीवर तर राहतील, माय.”

“परीक्षा कधी आहे?”

“आत्ता.”

सुमेधाने नारळ आणखी घट्ट धरला.

“हैदराबादला. आत्ता ह्या घटकेला बसले असतील. खोटं विमान असतं, खोलीएवढं. खऱ्यासारखं हादरतं. मुद्दाम इंजिन बंद पाडतात, धूर झाल्याची घंटा वाजवतात, आणि बघतात की माणूस काय करतो.”

“मग? खोट्यात कोण मरते?”

“खोट्यात नाही गं...”

ती थांबली. नदीकडून वारा आला आणि कापसाचे दोन पुंजके जमिनीवर घरंगळत गेले. तिने ते उचलले नाहीत.

“ह्यांचा हात चुकतो, माय. मी पाहिलंय.”

...

तिने पाहिलं होतं ते असं.

परीक्षेच्या अभ्यासासाठी यजमानांनी नव्या विमानाच्या पुढच्या भागाचं मोठं चित्र आणलं. सगळी बटणं, सगळे काटे, सगळे दांडे, जिथल्या तिथे छापलेले. ते त्यांनी देवघरासमोरच्या भिंतीवर चिकटवलं. त्याच्यापुढे जेवणाची खुर्ची ठेवायची आणि कागदावर हात फिरवत विमान उडवायचं. रोज. देवघरात सुमेधाची पोथी चालायची आणि पाठीमागे ह्यांचं विमान. पन्नाशीला आलेला माणूस, दहावीच्या मुलासारखा ओठ हलवत घोकायचा.

एका सकाळी ती निरांजन घेऊन वळली आणि तिला दिसलं. ओठ म्हणत होते एक, आणि हात गेला दुसरीकडे. नव्या विमानात जिथे काहीच नाही, तिथे. जुन्या विमानातला दांडा जिथे होता, तिथे.

ते खजील होऊन हसले. “सवय गं,” म्हणाले.

ती हसली नाही. आरती करताना ज्योत थरथरत होती आणि तिच्या मनात एवढंच येत होतं... खाली समुद्र, घंटा वाजतेय, आणि ह्यांचा हात कुठेतरी भलतीकडेच.

“त्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही, माय. आज निघताना ह्यांच्या हातावर दही घातलं. ह्यांनी चाटून घेतलं, मला म्हणाले, तुझ्या दह्यावर भरवसा आहे. आणि मी मनात म्हटलं, देवा, नको.”

सरूमायने सुटलेली वात पुन्हा पिळली.

“मी पापी आहे का?”

“मले काय विचारते? दह्याले विचार.”

सुमेधाला हसू आलं आणि त्याच्यामागोमाग रडू.

“थट्टा नको ना करू! माझं एकही व्रत आजवर फुकट गेलेलं नाही. सोमवार म्हण, चातुर्मास म्हण. इतकी वर्षं वादळापावसात ह्यांचं विमान कोणी वर धरलं? मीच ना?”

“बाप्पा! मग कंपनी इंजिन कायले लावते वं? उगाच खर्च.”

सुमेधाचे कान लाल झाले.

...

“डब्यात काय दिलं वं?” सरूमायने विचारलं.

“कधी? आज?”

“नेहमी काय देते?”

“सोमवारी प्रसादाचा शिरा देते. एरवी पोळीभाजी.”

“विमानात शेजारी बसते तो खाते काय त्यातलं?”

“मंडलेकर? छे. त्यांना चालत नाही.”

“काहून? सोवळं आहे काय विमानात?”

“नियमच आहे, माय. दोघांनी वर एक अन्न खायचं नाही. मंडलेकरांचा डबा वेगळा. एकाला काही बाधलं, तर दुसऱ्याने विमान उतरवायचं. ह्यांना काही झालं तर मंडलेकरांनी...”

वाक्य तिथेच राहिलं.

हा नियम तिला लग्नापासून पाठ होता. शेजारणींना कौतुकाने सांगायची. आज तो तिच्या स्वतःच्या तोंडून तिला पहिल्यांदा ऐकू आला.

सरूमायने एक वात वळून बाजूला ठेवली. वाकडीच झाली.

“मंडलेकर पण आहे त्या परीक्षेत?”

“हो. दोघांची एकत्रच घेतात. हे कॅप्टनच्या खुर्चीत, ते शेजारी.”

“तुझा नापास झाला तर मंडलेकर पण घरी बसते?”

“नाही... ते जातील की. त्यांचं चांगलं चाललंय. ह्यांच्या जागी कोणी नवा येईल, बाहेरून घेतलेला.”

“त्या नव्याचा हात कुठे चुकते, मंडलेकरले ठाऊक आहे?”

“कसं असेल? ओळखदेखसुद्धा नसेल.”

“आणि मंडलेकरचा कुठे चुकते, त्या नव्याले?”

पदराखालचा नारळ सुमेधाला जड झाला.

“लग्न झालं आहे मंडलेकरचं?”

“झालंय.” सुमेधाचा आवाज फार बारीक झाला. “केतकी तिचं नाव. दिवस गेलेत तिला. डोहाळजेवणाला मीच ओटी भरली तिची. माझ्या ह्या हातांनी.”

“ओटी भरताना काही बोलली ती?”

...

“सुमे.”

“बोलली ना. ओटी घेताना कानात म्हणाली... ताई, सर शेजारी असतात म्हणून मी निवांत झोपते.”

...

पैलतीराला कोणीतरी म्हशींना हाका मारत होतं. उन्हं कौलांवरून उतरली आणि खोलीत तिन्हीसांजेचा गारवा शिरला.

सुमेधाला वाटलं, आता घंटा वाजली असेल. आता धूर झाला असेल. दोन खुर्च्या हादरत असतील. एका खुर्चीत हे. दुसऱ्या खुर्चीत कोण आहे, हे तिने इतक्या वर्षांच्या एकाही व्रतात पाहिलं नव्हतं. तिच्या मनातल्या विमानात एकच खुर्ची होती.

“दिवा लाव,” सरूमाय म्हणाली.

हे सुमेधाचं नेहमीचं काम. आली की तिन्हीसांजेला समई तीच लावायची. ती उठली, समईत तेल घातलं, त्यातल्या त्यात सरळ वात निवडून ठेवली, आणि सरूमायच्या डोक्यावरच्या कोनाड्याकडे काडेपेटीसाठी हात नेला. बघायची गरजच नव्हती. मन तर हैदराबादला होतं.

बांगड्या किणकिणल्या.

सरूमायचा हात खालून वर आला आणि त्याने तिचं मनगट पकडलं. असं घट्ट, की बांगडी रुतली.

“माय! काय झालं?”

“हालू नको.”

तेव्हा सुमेधाला ऐकू आलं. कोनाड्यात बारीक, कोरडी गुणगुण चालली होती. तिने डोळे बारीक करून पाहिलं. कागदी पापुद्र्याचं पोळं, आणि त्याच्यावर पिवळ्या पायांच्या गांधीलमाश्या. तिच्या बोटांपासून वीतभरावर.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

“पिल्लं आहेत त्यायची. उडून जातील मग काढू. काडेपेटी आता इकडे आहे, पाटाखाली.”

“मला ठाऊकच नव्हतं गं... हात सवयीने गेला.”

“हाव, सवयीनंच.”

सरूमायने मनगट सोडलं नाही. तसाच धरून तो हात तिने हळूहळू खाली आणला, पाटाखाली नेला, काडेपेटीवर टेकवला. सुमेधा काडी ओढायला लागली. पहिली मोडली. दुसरी विझली. तिसऱ्या वेळी सरूमायने आपला हात तिच्या हातावर ठेवला आणि दोघींनी मिळून काडी ओढली.

समई लागली.

सुमेधाने नारळ पदराखालून काढला आणि समईपुढे ठेवला. हात जोडले. जे मागायला आली होती ते ओठांपर्यंत आलं आणि तिथे थांबलं. पिशवीतला फोन मुका होता. परीक्षा संपली की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. भीती गेली नव्हती. जिथे होती तिथेच बसली होती.

तरी ती बोलली. हळूच, पण सरूमायला ऐकू जाईल असं.

“देवा, ह्यांचा हात चुकला तर मंडलेकरांना दिसू दे. आणि मंडलेकरांचा चुकला... तर ह्यांना.”

मग जरा वेळाने म्हणाली, “केतकीला फोन करते घरी गेल्यावर. एकटीच असेल.”

सरूमाय पुन्हा वात वळायला लागली.

सुमेधा तिच्याकडे पाहत राहिली. दिव्याच्या उजेडात सरूमायचे डोळे दुधासारखे पांढुरके दिसत होते.

“माय, तुला तर दिसत नाही. माझा हात तिकडेच जाणार, हे तुला कसं कळलं?”

सरूमायने कापूस खाली ठेवला. बोटावरची हळदीची चिंधी सोडली. बोट सुजून वांग्यासारखं झालं होतं, काळंनिळं.

ते तिने समईपुढे धरलं.

“सकाळी माहा हातही तिकडेच गेला होता... शेजारी कोणी नव्हतं.”