धुऊन आणलेला मॅनिफोल्ड

“फेस सरळ आहे की नाही, एवढंच सांगा वस्ताद. दुसरं काही विचारायला आलो नाही.”

बाबालाल वस्तादांनी मान वर केली नाही. पाटावर बसून ते एका जुन्या कार्ब्युरेटरच्या जेटच्या बारीक भोकातून तार ओवत होते. ऐंशी वर्षांचे हात, पण तार थरथरत नव्हती.

“आधी चहा घे.”

“चहा नको.”

“मग बस तरी.”

प्रोफेसर अच्युत सरनोबत बसले नाहीत. त्यांनी छातीशी धरलेलं धोतराच्या कापडाचं गाठोडं वस्तादांसमोरच्या बुटक्या टेबलावर ठेवलं आणि गाठ सोडली. आत इनटेक मॅनिफोल्ड होता. हवा आणि पेट्रोल चारही सिलिंडरांना वाटून देणारा, चार तोंडांचा ॲल्युमिनियमचा ओतीव भाग. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका विलायती, दोन माणसांच्या उघड्या गाडीचा. उद्यमनगरातल्या त्या काळवंडलेल्या शेडमध्ये तो देवघरातल्या भांड्यासारखा चमकत होता.

वस्तादांनी तार बाजूला ठेवली. चष्मा कपाळावरून खाली घेतला.

“दाढी करता येईल की रं याच्यात बघून.”

अच्युतराव हसले नाहीत. पूर्वी हसले असते. कॉलेजात शिकत असताना दोन वर्षं ते रोज संध्याकाळी या शेडमध्ये यायचे. पुढे स्वतः इंजिनं शिकवू लागले, विभागप्रमुख झाले, तरी वस्ताद त्यांना अरेतुरेच करत आणि ते वस्तादांना अहोजाहो.

“पोरीचं वर्ष कधी?” वस्तादांनी विचारलं.

“दोन महिन्यांनी.”

“हं...”

केतकी चोवीस वर्षांची होती. ती गाडी अच्युतरावांनी भंगारातून आणली होती आणि घरामागच्या पत्र्याखाली तीन वर्षं खपून उभी केली होती. केतकीनं ती जेमतेम तीन आठवडे चालवली. गगनबावड्याच्या उतारावर तिसऱ्या वळणाला गाडी वळलीच नाही, सरळ दरीत गेली. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं सांगितलं, ताईंनी वेग कमीच केला नाही. पोलिसांनी तेच लिहिलं. नातेवाइकांनी तेच धरलं. केतकीच्या आईनंही.

सुलभाताईंनी लेकीचा फोटो भिंतीवर लावू दिला नव्हता. वर्तमानपत्रात गुंडाळून तो कपाटावर टाकला होता. कुणी विषय काढलाच तर म्हणायच्या, “तिला मस्ती होती वेगाची. आमचा विचार केला असता तर पाय उचलला असता.” आणि उठून आत जायच्या.

अच्युतराव तेव्हा काहीच बोलत नसत.

आठ दिवसांपूर्वी मात्र सुलभाताईच म्हणाल्या होत्या, “गाडीत काही बिघाड नव्हता ना हो? एकदा तुमच्या वस्तादांना दाखवा. ते माझी समजूत काढायला खोटं बोलणार नाहीत. ते नाही म्हणाले, की मी पुन्हा विचारणार नाही.”

आज निघताना त्या दारापर्यंत आल्या होत्या.

वस्तादांनी मॅनिफोल्ड उचलला. इंजिनाला चिकटते ती सपाट बाजू, म्हणजे फेस, वर केली. खणातून स्टीलची पट्टी काढून तिच्यावर उभी ठेवली आणि सगळं दाराच्या उजेडाकडे धरलं. पट्टीखालून उजेड येतो का, हे बघायची ही त्यांची जुनी रीत.

आडवी ठेवून बघितली. तिरकी ठेवून बघितली. चारही तोंडांवरून नेली.



“केसभरसुद्धा फट न्हाई,” वस्ताद म्हणाले.

“म्हणजे सरळ आहे.”

“एकदम सरळ. मशीनवर बी असा निघायचा न्हाई.”

“म्हणजे फटीतून जादा हवा इंजिनात शिरायचा प्रश्न नव्हता. ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर इंजिनाचा वेग उतरायलाच हवा होता.”

वस्ताद बोटाचं टोक त्या सपाट बाजूवरून फिरवत राहिले.

“कशावर घासलास?”

“काचेवर पॉलिश पेपर चिकटवून. तुम्हीच शिकवलं होतं, इंग्रजी आठचा आकडा काढत घासायचं.”

“एवढी मोठी काच कुठली आणलीस?”

“... केतकीच्या टेबलावरची.”

वस्तादांचं बोट थांबलं.

“कधी?”

अच्युतरावांनी कापडाची घडी घालायला सुरुवात केली.

“अच्युता, कधी घासलास?”

“या आठवड्यात.”

“गाडी पडल्यानंतर.”

“हो... म्हणजे काढला तेव्हा फार खराब होता. तेल, माती. तुमच्याकडे तसा कसा आणणार? मळका पार्ट आणला की तुम्ही माणसाला दारातून परत पाठवता. मला स्वतःला दोनदा पाठवलं होतं. धुऊन आण म्हणाला होतात.”

“दुरुस्तीला आणतोस तवा धुऊन आण म्हणायचो.” वस्तादांचा आवाज चढला नव्हता. “पंचनाम्याच्या आधी कुणी मढ्याला आंघोळ घालतं व्हय रं?”

शेजारच्या फौंड्रीत हातोड्याचे ठोके सुरू झाले. थांबले.

अच्युतराव आता खाली बसले. वस्तादांच्या समोर, उलट्या डब्यावर.

“मी गाडी जोडली तेव्हा पण फेस घासला होता,” ते म्हणाले.

“तवा मी काय म्हणालो हुतो?”

“मशीनवर फेस मारून देतो म्हणालात. पाठवून दे म्हणालात.”

“आन् तू?”

“घरी होईल म्हणालो.”

“आणखी एक बोलला हुतास.”

अच्युतरावांना आठवत होतं. याच शेडमध्ये, चार माणसांसमोर ते हसत म्हणाले होते, वस्ताद, तुमचं मशीन माझ्यापेक्षा म्हातारं आहे. सगळे हसले होते. वस्तादसुद्धा.

“त्या वेळी बाहेरून पॉलिश करण्यात पंधरा दिवस गेले,” ते म्हणाले. “केतकीला तो आरशासारखा हवा होता. बॉनेट उघडलं की चमकला पाहिजे, म्हणायची. फेस मी... एका दुपारी केला. मॅनिफोल्ड आणि इंजिनामधल्या पॅकिंगला दोन्ही बाजूंनी पेस्ट लावली. बारीकसारीक फट पेस्ट भरून काढते. पुस्तकात तसं दिलेलं असतं.”

“चालवली तवा इंजिन कसं वाटलं?”

“उत्तम.”

“पाय काढल्यावर?”

“... जरा भणभणायचं. तिनं एकदा सांगितलं होतं. बाबा, ही पाय काढला तरी ओढतेय. मी म्हणालो, नवीन जोडलेली आहे, बसेल हळूहळू.”

वस्तादांनी डोळे मिटले. उघडले.

“पॅकिंग कुठाय?”

“खरवडून टाकलं.”

“टाकलं.”

“फाटलं होतं, वस्ताद. चिकटून बसलं होतं. पॅकिंग कोण ठेवतं?”

“म्या ठेवलं असतं. हवा फटीतनं आत शिरली तर एकटी शिरत न्हाई, रस्त्याची धूळ घेऊन शिरती. पॅकिंगवर धुळीची रेघ पडती. आंधळ्याला बी घावंल अशी.” त्यांनी मॅनिफोल्ड अच्युतरावांकडे सरकवला. “आता याच्यात काय बघू? परवाचा फेस हाय ह्यो. त्या दिशीचा न्हवं.”

अच्युतरावांनी तो मांडीवर घेतला. दोन्ही हातांनी धरला, जसं ते आठ दिवस धरून घासत होते.

“मी नीट बघितलं नाही,” ते म्हणाले. “अंधार होता पत्र्याखाली. मी सरळ खरवडायचं पातं घेतलं आणि... सवयीनं. सवयीनं साफ करत गेलो.”

“व्हय.”

“खरंच सांगतो, वस्ताद. काही दिसलं असतं तर मी थांबलो नसतो का?”

 वस्ताद अच्युतरावांच्या मांडीकडे बघत होते.



अच्युतरावांनीही खाली बघितलं. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा तिसऱ्या तोंडाच्या खालच्या कडेवर होता. बोटभर जागा. तेवढ्याच जागेवरून अंगठा पुढं जात होता आणि मागं येत होता. पुढं, मागं. बाकी तीन तोंडांकडे तो गेला नव्हता. कधीपासून चाललं होतं कुणास ठाऊक.

त्यांनी तो थांबवायचा प्रयत्न केला. थांबला. पण तिथंच राहिला.

“तीन नंबरला हुती रेघ,” वस्ताद हलकेच म्हणाले.

 अच्युतरावांच्या खांद्यांनी एकदाच हिसका दिला आणि मग ते तसेच बसून राहिले, त्या चकचकीत धातूवर वाकून. धातूत त्यांचा चेहरा दिसत होता, लांबट, वाकडा.

वस्ताद उठले. माठातलं पाणी तांब्यात घेऊन आले. अच्युतरावांनी ते घेतलं नाही, तेव्हा तांब्या त्यांच्या पायाशी ठेवून पुन्हा पाटावर बसले. कार्ब्युरेटर जवळ ओढला. तार उचलली.

बऱ्याच वेळानं अच्युतराव उठले. कापडात मॅनिफोल्ड बांधू लागले. गाठ दोनदा सुटली.

दारापाशी ते थांबले.

“वस्ताद.”

“बोल.”

“सुलभा वाट बघत असेल. दार उघडताच विचारेल, वस्ताद काय म्हणाले...”

तार जेटमध्ये शिरली, दुसऱ्या बाजूनं बाहेर आली. वस्तादांनी ती उजेडात धरून बघितली.

“वस्तादाला काय बी दिसलं न्हाई, म्हणून सांग. आन् मग गप बसता येतंय का, बघ.”