काजळ्याशेटची बिनअटीची नोकरी

एक डोंगर चालून चालून इतका दमला, की वाटेतच आडवा झाला आणि घोरायला लागला. त्याच्या घोरण्यानं ढग सरकायचे आणि पायथ्याच्या झिळमिळपुरात रोज दुपारी गुलाबी वारा सुटायचा. खोटं वाटत असेल तर डोंगराला उठवून विचारा. उठला तर!

त्या झिळमिळपुराच्या अगदी टोकाला, करवंदीच्या जाळीला टेकून, एक इवलीशी झोपडी होती. तिच्यात सोनकी नावाची चिमुरडी आणि तिची मोठी बहीण मोहना, अशा दोघीच राहायच्या. आईवडील नव्हते. चूल होती, पण चुलीवर चढवायला फारसं काही नव्हतं. म्हणून मोहनाताई रोज सकाळी घट्ट वेणी घालून, हिरव्या बांगड्या सावरत काम शोधायला निघायची.

झिळमिळपुरात कामाला तोटा नव्हता. दारोदारी पाट्या होत्या, 'माणूस पाहिजे'. पण आत पाऊल टाकलं की अट! हलवाई विचारायचा, "याआधी राजाघरची जिलबी गोल केलीयेस का?" शिंपी म्हणायचा, "ढगाला अस्तर लावल्याचा दाखला आण, मग बघू." आणि माळी म्हणायचा, "आधी कुठल्या बागेत होतीस? कुठेच नाही? मग जमायचं नाही."

"पण दादा, कुणीतरी पहिल्यांदा ठेवल्याशिवाय 'आधी' होणार कसं?" ताई विचारायची.

"ते मला काय विचारतेस?" असं म्हणून माळी गुलाबांकडे वळायचा. गुलाबही मान फिरवायचे. भारी शिष्ट होते ते.

एका संध्याकाळी मात्र ताई पळतच घरी आली. "सोनू, मिळालं! रानात काजळ्याशेटची सूतगिरणी आहे. अट म्हणून काही नाही! काही येत नसलं तरी चालतं म्हणाले."

"काहीच विचारलं नाही?"

"अगं, नावसुद्धा नाही!"

सोनकीला ते काही बरं वाटेना. का, ते तिचं तिलाही कळेना.

दुसऱ्या दिवशी ताई कामावरून आली, तेव्हा तिच्या हिरव्या बांगड्या राखेसारख्या झाल्या होत्या. मग वेणीचा काळाभोर रंग उतरला. मग ओठांचा लाल गेला, गालांचा गहू गेला. आणि एकदा दिवेलागणीला ताई दारात उभी राहिली, तर तिच्यातून आरपार मागची करवंदीची जाळी दिसली! पान न् पान.

सोनकीनं घाबरून तिचा हात धरला. हात थंडगार, धुक्यासारखा. "ताई, उद्या नको ना गं जाऊस."

"पाय आपोआप निघतात," ताई पुटपुटली. "आणि दुसरीकडे मला ठेवणार कोण?"

सकाळी ताई गेली. मागोमाग सोनकी निघाली, पण रानात शिरताच ताई धुक्यात धूर मिसळावा तशी दिसेनाशी झाली. सोनकी हातात अर्धी भाकरी घेऊन इकडेतिकडे बघत राहिली. तेवढ्यात बाभळीवरून बारीकसा आवाज आला, "अगं ए! वर बघ, वर!"

बाभळीच्या डिंकात एक परी अडकली होती. चाफ्याच्या कळीएवढी चिमणी! पंख लिंबोणी आणि निळे, झगा दवाच्या थेंबांचा, कानांत मोहरीएवढी चांदणी. आणि खालून मोठमोठाले मुंगळे रांगेनं तिच्याकडेच चढत होते.

मुंगळ्यांना सोनकी फार भ्यायची. तरी तिनं जवळ जाऊन आपली भाकरी कुस्करली आणि बुंध्याशी टाकली. मुंगळे वास घेत मागे वळले. मग तिनं दवानं बोटं ओली करून एकेक पंख अलगद सोडवला.

"हुश्श! मी लकाकी," परी पंख झटकत म्हणाली. "दोन इच्छा माग. पण नियम आधी ऐक, नाहीतर परीनं फसवलं म्हणून गावभर सांगत सुटशील. स्वतःसाठी काही मागायचं नाही. आणि इच्छेनं फक्त वाट उघडते. वाटेवर पाय ज्याचा त्यानंच टाकायचा."

"काजळ्याशेटकडून माझ्या ताईला सोडव!"

लकाकीचा उजेड एकदम मंदावला. "तिथे माझा हात चालत नाही गं. तुझ्या ताईनं त्याला शब्द दिलाय."

"मुळीच नाही!"

"गिरणीतून निघताना काय म्हणते ती?"

"'येते' म्हणते. सगळेच म्हणतात. निघताना 'जाते' थोडंच म्हणायचं असतं?"

"तिथेच तर त्यानं सापळा लावलाय! 'येते' म्हटलं की तो हसून म्हणतो, म्हणालीस ना येते? मग ये! आणि त्या शब्दाचा दोरा पायाला बांधतो."

सोनकी जवळ सरकली. "आणि 'जाते' म्हटलं तर?"

"तर दोरा तुटेल. बहुतेक."

"बहुतेक?"

"आजवर कुणी म्हटलंच नाही, तर मला कसं कळणार?"

"मग ताईपर्यंतची वाट उघड. ही एक इच्छा."

निळे, केशरी काजवे झाडांतून सरसर उतरले आणि त्यांची वाट झाली. लकाकी सोनकीच्या केसांत दडून बसली.

दिवस कलता कलता वाट संपली, तिथे गिरणी होती. तिला खिडकी नव्हती. आत चाकं गरगर फिरत होती आणि चाकांपुढे राखेच्या बाहुल्यांसारखी माणसं बसली होती. त्यांच्या हातांतून मात्र सुंदर सूत निघत होतं, पोपटी, कुंकवासारखं लाल, हळदीसारखं पिवळं. कापूस? कापूस कुठेच नव्हता. सूत माणसांतूनच निघत होतं!

"ये, ये, छकुली!" कुणीतरी गुळासारखं बोललं. भिंतीवरची काजळी हलली आणि काजळ्याशेट खाली उतरला. लांबच लांब, काळाकुट्ट, आणि त्याला पायच नव्हते. "काय येतं तुला?"

"का… काही नाही."

"वा! मला अशीच माणसं आवडतात. बस हो चाकावर."

तेवढ्यात सुट्टीची घंटा झाली. सोनकीचं नशीब! माणसं उठली आणि दाराशी रांगेत उभी राहिली.

"येतो, शेट," पहिला म्हणाला.

"या," काजळ्याशेट म्हणाला. सर्रकन एक राखाडी दोरा त्या माणसाच्या घोट्याला बसला.

"येते, शेट." सर्रकन!

मग ताईची पाळी आली. तिनं तोंड उघडलं, तशी सोनकीनं तिचा हात पकडला. "ताई, 'येते' म्हणू नकोस! 'जाते' म्हण!"

सगळी रांग दचकली. एका काकूंनी कानांवर हात ठेवले. "काहीतरी भलतंच काय बोलतेस, पोरी! आणि तेही उंबऱ्यात!"

काजळ्याशेट छताला टेकेल एवढा मोठा झाला. "म्हण की, पोरी. म्हणून बघ. जाते म्हणणारं माणूस कुठे जातं, ठाऊक आहे ना? आणि समज, त्यातून वाचलीस. तुला बाहेर ठेवणार कोण? येतं काय तुला?"

ताई मागे सरली. तिच्या ओठांवर 'ये' आलासुद्धा. तेव्हा सोनकीला कळलं, ताईला दोऱ्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती त्या प्रश्नाची होती.

"लकाकी! दुसरी इच्छा!" सोनकी ओरडली. "आधीचं काही येत नसलं तरी जिथे घेतात, आणि माणसाचं काही काढून घेत नाहीत, असं काम असू दे! ताईला, काकूंना, सगळ्यांना!"

"बाई गं, केवढी मोठी इच्छा!" केसांतून आवाज आला. "माझा सगळा उजेड लागेल हिला. पण दिली. वाट बाहेर उघडली आहे. पाय तुमचे!"

बाहेर तर नुसतं काळोखं रान दिसत होतं. ताईनं रानाकडे पाहिलं. मग सोनकीकडे पाहिलं. तिनं डोळे गच्च मिटले.

"जाते," ती म्हणाली.

काहीच झालं नाही. चाकंसुद्धा थांबली. आणि मग टिक्! ताईच्या घोट्यावरचा दोरा तुटला.

"अगंबाई! मग मीपण जाते!" काकू किंचाळल्या. "मीही जातो!" "मीही!" टिक्, टिक्, टिक्! काजळ्याशेट आखडत आखडत बोटभर डाग झाला आणि काकूंनी तो पदरानं पुसून टाकला. रंगीत सुताच्या गुंडाळ्या सुटल्या आणि ज्याचे रंग त्याला परत मिळाले. ताईची वेणी काळीभोर झाली, गाल गव्हाळ झाले, आणि आता ती आरपार दिसेना!

उरलेले रंग रानात वाहत गेले आणि सगळे त्यांच्यामागे धावले. पुढे मोकळी जागा होती. तिथे फांद्यांवर पांढरीफटक पाखरं बसली होती, कारण काजळ्यानं त्यांचेही रंग ओढून घेतले होते. समोर कुंचले मांडून, एक सुगरण पक्षीण लगबग करत होती. तिनं मान वाकडी करून विचारलं, "काय येतं तुम्हाला?"

तोच प्रश्न! सगळे एकमेकांकडे बघू लागले. ताईनं मान खाली घातली. "काही नाही."

"बरं झालं. बसा, दाखवते. पाखरांना रंग द्यायचे आहेत. मजुरी म्हणून ती धान्य आणतील, फळं आणतील. दुपारी पोटभर जेवायचं आणि उजेड आहे तोवर घर गाठायचं. ऐकलं नाही तर टोच मारीन! आणि तू गं चिमुरडे? तू लहान आहेस. तू पेरू खा आणि झोके घे."

ताईला एक साळुंकी मिळाली. पण काजळ्याचा तो प्रश्न अजून तिच्या डोक्यातून गेला नव्हता. चोच पिवळी करता करता कुंचला निसटला आणि साळुंकीच्या डोळ्याभोवती पिवळाजर्द फराटा उठला! ताई पांढरी पडली. 'संपलं. आता हाकलणार,' तिला वाटलं. झोक्यावरची सोनकीही थिजली.

सुगरण उडत आली. तिनं एका बाजूनं पाहिलं, दुसऱ्या बाजूनं पाहिलं. साळुंकीनं दवाच्या थेंबात आपलं रूप न्याहाळलं आणि ती अशी काही ठुमकली!

"अगं, ही तर नटली!" सुगरण म्हणाली. "बाकीच्या साळुंक्यांनाही असंच लाव."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. लकाकी सोनकीच्या केसांतून वर उडाली. "आता जमेल तुमचं," ती हळूच म्हणाली, आणि तिचा लिंबोणी, निळा, सोनेरी उजेड लख्खकन पानापानांवर सांडला. क्षणभर सगळं रान चमचमलं. सोनकीच्या गालाला ऊबदार पापी लागल्यासारखं झालं, आणि परी दिसेनाशी झाली.

ताईनं डोळे पुसले, कुंचला पुन्हा पिवळ्या रंगात बुडवला आणि साळुंकीला म्हणाली, "आता हलू नकोस बाई, दुसरा डोळा राहिलाय."