शेटजींचं ताट आणि हिरवळीची तहान

एका शेटजींनी एकदा बंगल्यापुढच्या हिरवळीसाठी मातीची ओल मोजणारं यंत्र आणलं. माती सुकली की फवारे आपोआप सुरू व्हावेत, ओल पुरली की बंद व्हावेत, अशी उत्तम योजना. पण आपल्याकडे नवी वस्तू आली की आधी हळदकुंकू, मग काम. शेटजींनी यंत्राची यथासांग पूजा केली आणि शुभ जागा म्हणून ते थेट तुळशीवृंदावनात रोवलं. हसू नका. तुमच्या फ्रिजवरचं स्वस्तिक मी पाहिलेलं आहे.

हळूहळू हिरवळ पिवळी पडली. बाग सांभाळणारा पोरगा, एका जुन्या माळ्याचा शिष्य, म्हणाला, "शेटजी, गवत तहानलंय. पाय पडला तर दबतं ते उठतच नाही. नळ सोडू का?"

शेटजींनी मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला. "वाच. 'ओल भरपूर.' यंत्राला कळत नाही आणि तुला कळतं? नळाला हात लावलास तर घरी जायचं. आणि मुलीच्या साखरपुड्याला हिरवळ हिरवी दिसली नाही, तरी घरीच जायचं!"

शिष्य आपल्या गुरूकडे धावला. गुरू म्हणजे रोपवाटिका चालवणारा एक वृद्ध. अंगी ज्ञान आणि खोड्या समप्रमाणात. तो म्हणाला, "येतो. जेवणाच्या वेळेलाच येतो."

पाहुणा म्हणून त्याला आधी वाढलं. तो बासुंदीसकट यथेच्छ जेवला, दणदणीत ढेकर दिला, आणि शेटजी पहिला घास उचलणार तोच त्यांचं ताट ओढून मांडीवर घेऊन बसला.

"झालं शेटजींचं!"

"अहो, मी अजून घाससुद्धा घेतला नाही!"

"असं कसं? ढेकर ऐकला नाहीत?"

"तो तुमचा होता!"

"मग? तुमच्या बागेत हाच कायदा आहे. वहिनी रोज तुळशीला तांब्याभर पाणी घालतात. यंत्र बिचारं खरं तेच सांगतं, 'माझ्याजवळ ओल भरपूर.' त्या ढेकरावर तुम्ही हिरवळीचं ताट उचलता. ज्याची तहान जाणायची, त्याच्या मुळाशी जाऊन विचारावं, शेटजी."

"यंत्र मुहूर्तावर बसवलंय. हलणार नाही!"

"मग ताटही हलणार नाही."

दोघं हट्टानं बसून राहिले. शेवटी शेटाणीबाईच हसत उठल्या. त्यांनी यंत्र उपटून शिष्याच्या हाती दिलं. त्यानं ते हिरवळीच्या मधोमध, उन्हात, गवताच्या मुळांइतकं खोल रोवलं. शेटजी तरातरा मागे आले, आणि ताट सांभाळत वृद्धही. "बघू आता तुझं गवत काय म्हणतं!"

मोबाईल वाजला. 'माती कोरडी.' पाठोपाठ चारी बाजूंनी फवारे उडाले. शेटजी मधोमध उभे, टोपीपासून धोतरापर्यंत चिंब.

"नळाला मी हात लावलेला नाही, शेटजी," शिष्य ताठ मानेनं म्हणाला.

शेटजींनी तोंडावरचं पाणी पुसलं. वाकून पायाखालचं दबलेलं गवत चाचपलं. मग शिष्याला हळूच म्हणाले, "उद्या वेळेवर ये." आणि वृद्धाकडे वळून, "आता तरी माझं ताट द्या."

तुमच्या घरी कोणाच्या ढेकरावर कोणाचं ताट उचललं जातं, ते जरा पाहून ठेवा. मी जेवायला येणार आहे.