शिंगाळेबुवांची पोथी

माणसाला अजून चूलही ठाऊक नव्हती, त्या काळी एका खाडीत शिंगाळेबुवा नावाचा एक मिशाळ मासा पोथी सांगत असे. "देवानं पहिल्याच दिवशी मासा केला, तो फक्त पोहण्यासाठी. माशाला पाय फुटतात म्हणणारा पाखंडी!"

"पण बुवा, मी चालते की," काठावरून निवटी म्हणाली. ही बोटभर मासळी पुढच्या दोन परांवर खुरडत चिखलात हिंडायची.

"तो भास आहे," बुवा म्हणाले, आणि तो भासच कसा आहे याचे दाखले देत बसले. ओहोटी लागली. श्रोते एकेक करून सटकले. एकशे बाराव्या दाखल्याला बुवांचं पोट चिखलाला टेकलं. भोवती उरलं एवढंसं डबकं, आणि एक बगळा सावकाश पावलं टाकत जवळ येऊ लागला.

"निवटीबाई, धावा हो!" बुवा ओरडले.

"भासानं कसं धावायचं, बुवा?"

तरी ती धावलीच. तोंडानं चिखल उकरून तिनं डबक्यापासून खाडीपर्यंत पाट काढला, आणि बुवा त्यातून घसरत पाण्यात पडले.

भरतीला पुन्हा पोथी उघडली. "देवानं पहिल्याच दिवशी निवटीला पाय दिले," बुवा मिशा हलवत सांगत होते, "संकटात भक्ताकडे धावून जायला. पोथीत मुळापासून असंच आहे." श्रोत्यांनी भक्तिभावानं शेपट्या हलवल्या.

निवटी काठावर बसून हसली. "बुवा, परांचे पाय करायला माझ्या घराण्याच्या लाख पिढ्या गेल्या. तुमची पोथी एका ओहोटीत बदलली!"