पाठीवरचा तांदूळ, पायाखालची नाचणी

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बैल बोलत असत आणि माणसं कधीमधी त्यांचं ऐकतही असत.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथल्या उतारांवर नाचणी भरपूर पिकायची. घरोघरी भाकरी आणि आंबील असायची, कुणाची तक्रार नव्हती. मग पाटलाच्या लेकीचं लग्न झालं. पंक्तीत व्याह्यांनी काळ्या भाकरीकडे पाहिलं, नाक मुरडलं आणि ताट पुढे सारलं. पाटलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"यापुढे पाहुण्यांना पांढराशुभ्र भातच वाढायचा," त्यानं गावाला बजावलं. पाहुण्यांचा भात हळूहळू घरच्यांच्याही ताटात आला.

तांदूळ यायचा खिंडीपलीकडून, तांड्याच्या बैलांवर लादून. तांडेवाले म्हणाले, "आमच्या बैलांना चारा द्या, तांदूळ घ्या." झालं! गावानं नाचणी बंद केली आणि शेतांत गवत राखलं. माणसं बैलांसाठी राबू लागली, आणि यात कुणाला काही वावगं वाटेना.

बोलली ती एकटी पाटलाची थोरली वहिनी. ती शेजारीच वेगळी राहायची. "भावजी, उद्या खिंड बंद झाली तर काय गवत खायचं?"

पाटील नुसता हसला. वहिनीची नाचणी गावात कुणी घेईना, म्हणून ती आपल्यापुरतीच पेरू लागली.

एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तांडा बेगमीचा तांदूळ घेऊन येणार होता. त्याआधीच मोठं वादळ झालं, कडा कोसळला आणि खिंड बुजली. त्याच सुमारास पाटलाची लेक माहेरी बाळंत झाली.

पाटलाच्या पायाला भिंगरी लागली. खिंडीपर्यंत जायचं, दरडीचा ढीग बघायचा, परत यायचं. घरी आलं की कणगीत हात घालायचा. कणगीचा तळ हाताला लागायचा. पातळ पेजेवर लेकीला दूध येईना. बाळ रडायला लागलं की पाटील पुन्हा खिंडीकडे निघायचा. त्याला घरात बसवत नव्हतं आणि खिंडीत उभं राहवत नव्हतं.

त्याच्या शेतात एक लंगडा बैल चरत होता. मागच्या फेरीत तांड्यानं त्याला इथेच सोडलं होतं. खाऊन खाऊन तो चांगला गलेलठ्ठ झाला होता.

"पाटील, सारखी कसली ये-जा चाललीय?" बैलानं विचारलं.

"तांदूळ येत नाही रे! माझं नातवंड उपाशी आहे."

बैलानं रवंथ थांबवला. "मी जन्मभर पाठीवर तांदूळ वाहिला. पोट मात्र भरलं ते पायाखालच्या गवतानं. तुमच्या पायाखाली काय आहे?"

"तुझं गवत," पाटील म्हणाला.

मग तो थेट वहिनीच्या दारात गेला. "वहिनी, माझं चुकलं. पोरीला वाचवा."

वहिनीनं आतून मडकं आणलं. "एवढीच नाचणी आहे, भावजी. निम्मी बाळंतिणीला. निम्मी बियाण्याला, तिला हात लावलात तर पुढचं सालही खिंडीकडे बघत काढाल."

वहिनीनं जातं ओढलं, आंबील शिजवली. लेकीला दूध सुटलं, बाळ निजलं. पाटलानं मात्र त्याच दिवशी गवतात नांगर घातला. बैल थोडा कुरकुरला, पण कुणी लक्ष दिलं नाही.

तो पावसाळा गावानं टाकळ्याची भाजी आणि रानातले कंद खाऊन काढला. पोरं वाळली. दोन म्हातारी माणसं त्यातच गेली. पाटलाला ती शेवटपर्यंत आठवत राहिली. मग एकदाची नाचणी कापणीला आली.

खिंड मोकळी झाल्यावर व्याही नातू बघायला आले. पाटलानं त्यांच्या पुढ्यात काळी भाकरी वाढली. व्याह्यांनी नाक मुरडलं, ताट पुढे सारायला हात घातला.

"सारा खुशाल पुढे," पाटील म्हणाला. "पण तुमचा नातू याच नाचणीवर जगलाय."

मांडीवरचं बाळ हसत होतं. व्याह्यांनी ताट जवळ ओढलं आणि भाकरी मोडली.

तात्पर्य: आपल्या मातीत पिकतं त्याला आपल्या ताटात पहिला मान द्यावा, कारण अडीअडचणीला तेच आधी धावून येतं.