सुतकातलं पाणी

एकदा एका बाईचा नवरा गेला आणि मागं अकरा मासे राहिले. अर्ध्या बोटाएवढे, लाल शेपटीचे गप्पी. नवऱ्यानं बायकोपेक्षा त्यांचेच लाड जास्त केले, असं मी नाही म्हणत, कालिंदी स्वतःच म्हणायची.

तेराव्याला सुतक फिटलं. रीत तुम्हाला ठाऊकच आहे. साठवलेलं पाणी ओतायचं, हंडे-कळश्या चिंचेनं घासायच्या, अंथरुणं धुवायची. कालिंदीनं सगळं केलं. मग तिची नजर काचेच्या पेटीवर गेली. हेही पाणी सुतकातलंच की! तिनं मासे घमेल्यात काढले, पेटी मोरीत ओतली, तळाचे खडे मिठानं चोळले, फिल्टरमधला काळा स्पंज साबणानं पांढरा केला आणि नळाचं पाणी भरलं. पेटी अशी लखलखली की नणंद म्हणाली, "वहिनी, दृष्ट लागेल हो!"

लागली. दुसऱ्या दिवशी दोन मासे उलटे तरंगले. तिसऱ्या दिवशी तीन.

नणंद म्हणाली, "दादा बोलावून घेतोय गं त्याचे त्याला."

उरलेले सहा गेले की त्या घरात नवऱ्याच्या हातचं जिवंत असं काही उरणार नव्हतं. नवरा ज्या आबांकडे मासे पाळायला शिकला होता, त्यांच्या दारात ती जाऊन उभी राहिली. "आबा, आता मला शिकवा."

आबा आले. पेटीला नाक लावलं. तिचा पांढराशुभ्र स्पंज काढून खिडकीबाहेर भिरकावला. मग पिशवीतून स्वतःच्या पेटीतला स्पंज काढला, गटारातून उचलल्यासारखा काळा, बुळबुळीत. तो त्यांनी त्या लखलखीत पाण्यात पिळला आणि फिल्टरमध्ये कोंबला. पाण्याचा चहा झाला.

"अहो आबा! म्हातारचळ लागला की काय?"

"बस खाली. मासा राहतो तिथंच हगतो. त्याचं विष होतं. ते विष खाणारे बारके जीव या घाणीत असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. तुझ्या नवऱ्यानं ते दोन वर्षं सांभाळले. तू एका सकाळीत धुऊन काढलेस."

कालिंदीनं खिडकीबाहेर पडलेल्या पांढऱ्या स्पंजाकडे बघितलं. "म्हणजे यांनी नाही बोलावले. मी मारले."

म्हातारा खोटं बोलला नाही. "होय पोरी. मायेनं मारलेस, पण मेले ते मेलेच."

"आता काय करू?"

"चार दिवस खायला घालू नकोस. रोज थोडं पाणी काढ, आदल्या दिवशी उघड्यावर ठेवलेलं तेवढंच घाल. बाकी हात लावायचा नाही."

"नुसतं बघत बसायचं?"

"तेच तुला येत नाही. तेच शिकायचंय."

ती बसली. आणखी दोन गेले. तिनं ते उचलले, कुंडीत पुरले आणि परत येऊन बसली. दहाव्या दिवशी काचेवर हिरवट शेवाळ धरलं, तशी नणंद घासणी घेऊन आली.

"हात लावाल तर बघा, वन्सं!"

चार मासे त्या शेवाळाला तोंडं लावत होते. कालिंदी त्यांच्याकडे बघत राहिली आणि तेराव्यानंतर पहिल्यांदा रडली, भरपूर, पदर हाताशी असून तोंड न पुसता.